वाचले, समजले

४ सप्टेंबर

चि. टापटीप,
अनेक आशीर्वाद.

मेल करत नाही, कारण विभागाचा मेल आमचा कारकून आधी वाचतो, मग मी, आणि तोवर कॅन्टीनमध्ये त्याची चर्चा झालेली असते. तूही कागदावरच लिही. तुझं अक्षर अजून तसंच सुंदर आहे का, तेही कळेल.

क्षेमकुशल विचारायला पत्र लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण खरं सांगते, माझं काम आहे. आपलं सत्याहत्तर नंबरचं रसायन संपलं. तू केलेलं आठ ग्रॅम अकरा वर्षं आम्ही केशर जपावं तसं चिमटीचिमटीनं वापरलं. आता बाटलीच्या तळाला नुसती लेबलची पडछाया उरली आहे. आणि नेमकं याच वेळी पुढची परवानगी मिळाली आहे, प्राण्यांवर तपासण्याची. म्हणजे ताजं करायला हवं.

ते करायला एक मुलगी घेतली आहे. मी तिला चिवट म्हणते. दोन वर्षं झाली तिला येऊन. पहिलं वर्ष कच्चा माल बनवण्यात गेलं, आणि मग तुझ्या वहीचं पान ११२ समोर ठेवून तिनं नऊ वेळा सत्याहत्तर केलं. पांढरंशुभ्र होतं, वितळतं ते बरोबर त्याच तापमानाला. पण जंतूंच्या बशीत ठेवलं की काही नाही. न भरणाऱ्या जखमांमधले ते हट्टी जंतू, बाजारातल्या एकाही औषधाला दाद न देणारे, तुझ्या पुडीभोवती एकोणीस मिलिमीटर मरून पडले होते. त्या एका स्वच्छ वर्तुळावर मी प्राध्यापक झाले आणि तू डॉक्टर. हिच्या पुडीभोवती ते मजेत नांदतात.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तिला म्हटलं. तर म्हणते, "बाई, अंगण तुम्हीच दिलंय." जीभ बघ!

पान ११२ उघडंच आहे. तुझं मोत्यासारखं अक्षर: "कॉलम लावून शुद्ध केले. पांढरी पावडर, आठ ग्रॅम." खाली आपल्या नियमाप्रमाणे माझं "वाचले, समजले", सही आणि तारीख. सगळं जागच्या जागी. मग तू काय वेगळं करत होतास? एखादी सवय असेल, इतकी साधी की लिहावीशीच वाटली नसेल. आठवून कळव. जूनमध्ये मी निवृत्त होते आणि मार्चअखेर हिची नोंदणी संपते. मला दोघींचीही घाई आहे.

तुझी,
बाई

१७ सप्टेंबर

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पाहून वर्गात नाव पुकारल्यासारखं उभं राहावंसं वाटलं. अक्षर बिघडलंय, माफ करा. आता फक्त सह्या करतो.

बाई, अकरा वर्षांपूर्वीचं काय आठवणार? पण एक सुचतं. त्या वेळचं द्रावक आपण स्वतः गाळून घ्यायचो. आता तयार बाटल्या येतात आणि त्यात पाण्याचा अंश असतो. तिला सगळं ताजं गाळायला सांगा. काचेची भांडीही भट्टीत रात्रभर वाळवून घ्यावीत. हवेतल्या दमटपणाचाही परिणाम असू शकेल. मला वाटतं, इथंच कुठंतरी पाणी मुरतंय.

इकडे ठीक. संस्थेच्या संचालकपदासाठी माझं नाव पुढे गेलं आहे. फेब्रुवारीत मुलाखत. प्रत्येकानं आपले तीन उत्तम लेख पाठवायचे आहेत. पहिला कुठला पाठवला ते तुम्हाला सांगायला नको.

चिवटला म्हणावं, धीर सोडू नको.

आपला,
टापटीप

१३ नोव्हेंबर

चि. टापटीप,
आशीर्वाद.

संचालक! अरे, अभिनंदन. तुझ्या बायकोला सांग, आता घरात तरी त्याला संचालक होऊ देऊ नकोस.

तुझं ऐकून चिवटनं सात आठवडे घालवले. द्रावक गाळलं, भांडी वाळवली, दमट दिवशी काम बंद ठेवलं. एकूण चौदा वेळा झालं. चौदाव्या वेळी शेजारच्या जंतूवाल्या बाईंनी बशी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि एक शब्द न बोलता गेल्या. गेल्या वीस वर्षांत त्या न बोलता गेल्याचं मला आठवत नाही.

मी चिडले. सगळ्यांसमोर चिवटला म्हणाले, की काही हातांना रसायनशास्त्र येत नाही. तोंडातून गेल्यावर मला वाईट वाटलं, पण गेलं ते गेलं. ती रडली नाही. म्हणाली, "बाई, हात वाईट असता तर रंग चुकला असता, वजन चुकलं असतं. चौदा वेळा एकसारखं चुकायला चांगला हात लागतो."

आणि मग तिनं एक विचारलं, ते तुला विचारते. तू प्रत्येक कॉलमनंतर ठिपक्यांची पट्टी वहीत चिकटवायचास. एकच ठिपका दिसला की माल शुद्ध, दोन दिसले की भेसळ. पान ८ ला आहे, ४१ ला आहे, १०९ ला आहे. ११२ ला नाही. मी तिला म्हटलं, राहिली असेल, माणूस आहे. पण खरंच, कुठं गेली रे?

चार वर्षांपूर्वी परदेशातल्या एका गटानंही लिहिलं होतं, की आम्हाला सत्याहत्तर जमत नाही. मी त्यांना काय उत्तर पाठवलं होतं माहीत आहे? "सराव वाढवावा." आता ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

तुझी,
बाई

२१ नोव्हेंबर

आदरणीय बाई,
नमस्कार.

पट्टी गळून पडली असावी. त्या वर्षी आलेला डिंक फार वाईट होता, तुम्हालाही आठवत असेल.

एक सुचवू का? लहान तोंडी मोठा घास होईल. चिवटला विषय बदलून द्या. हुशार मुलगी दिसते. काही रेणू रुसतात, त्यांच्यामागे किती लागायचं? अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी असे पुढचे करायला द्या, तिचा प्रबंध तरी पुरा होईल.

मुलाखतीच्या तयारीत आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

आपला,
टापटीप

१२ जानेवारी

चि. टापटीप,
आशीर्वाद.

विषय बदलून दिला नाही. त्याऐवजी मी स्वतः ॲप्रन घातला. नऊ वर्षांनी! बटणं लागेनात, तर चिवटनं मागून पिन लावून दिली. साठी उलटलेली बाई स्टुलावर बसून थेंब मोजते आहे, हे बघायला पोरं दारात गोळा झाली. मी म्हटलं, तिकीट लावू का?

सगळं तुझ्या पानाप्रमाणे केलं. कॉलमची काचेची नळी स्वतः भरली, पूर्ण दिवस थेंब थेंब धरला. वर तपकिरी कडं राहिलं ते फेकलं, खालचं पांढरं ठेवलं. शुद्ध, सुरेख सत्याहत्तर. वर्तुळ नाही.

म्हणजे हात चिवटचा वाईट नव्हता, आणि माझाही नाही. मी तिला सगळ्यांसमोर बोलले होते, तेव्हा माफीही सगळ्यांसमोर मागितली. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर अर्ज ठेवला. प्रयोगशाळा सोडतेय. तिची मोठी बहीण शाळेत शिकवते, तिथं जागा आहे म्हणाली. अर्ज मी खणात ठेवला आहे, सही केलेली नाही. तो खण उघडावा लागू नये म्हणून पेनही वर ठेवलं आहे.

दुसरं म्हणजे, तुझ्या संस्थेकडून गोपनीय पत्र आलं. हा माणूस कसा आहे ते लिहा, असं. दोन पानं भरून कौतुक केलं तुझं. शेवटी लिहिलं, की तीस वर्षांत माझ्याकडून बावीस जण शिकून गेले, त्यांत हुशार बरेच होते, पण या मुलाच्या वहीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते. उद्याच्या टपालानं जाईल.

आणखी काही आठवलं का रे?

तुझी,
बाई

२० जानेवारी

आदरणीय बाई,

हे पत्र सहा वेळा फाडलं आहे. सातव्यांदा फाडायच्या आत टाकून येतो.

कॉलम लावलाच नव्हता.

तो शुक्रवार होता. जंतूवाल्या बाईंच्या बशा त्या दिवशी पाचच्या आत भरायच्या होत्या, नाहीतर तीन आठवडे थांबावं लागलं असतं. कॉलमला पूर्ण दिवस लागतो. आणि मी दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढली होती. जिच्यासोबत गेलो ती आज माझी बायको आहे. चार वेळा नाही म्हणून पाचव्यांदा हो म्हणाली होती. मी विचार केला, आज कच्चंच देऊ. एकदा धुतलं, गाळलं, नीट बघितल्याशिवाय दिसू नये इतकी पुसट तपकिरी झाक होती, तरी पुडी बांधली आणि देऊन टाकली. सोमवारी नीट शुद्ध करून पुन्हा देणार होतो. वहीत मात्र ती ओळ आधीच लिहून ठेवली. करणारच होतो ना!

सोमवारी सकाळी आलो तर तुम्ही व्हरांड्यात बशी डोक्यावर धरून उभ्या. सबंध विभागाला चहा पाजलात. आम्ही तुम्हाला पाठीमागे लिटमस बाई म्हणायचो, रागावल्या की लाल, खूश झाल्या की निळ्या. तुम्हाला माहीत असेलच. त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावर कुठलाच रंग नव्हता, नुसतं पाणी होतं डोळ्यांत. मी तेव्हा कसं सांगणार होतो?

मग उरलेल्या मालाला हातच लावला नाही. चिमूटभर शुद्ध करून बघायची हिंमत झाली नाही. वर्तुळ गेलं तर? पुढे लेख छापून आला, पदवी झाली, नोकरी लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत राहिलो. द्रावक, दमट हवा, डिंक, सगळं खोटं लिहिलं तुम्हाला. त्या मुलीचे सात आठवडे मी घालवले, मला ठाऊक असताना घालवले.

तुमचं "डोळे मिटून" वाचलं आणि जेवता आलं नाही. बायकोनं पत्र ओढून घेतलं, तेव्हा तिलाही सांगितलं. तिनं पत्राची घडी घालून परत दिली. मग म्हणाली, "सिनेमासुद्धा भिकार होता."

तिला सांगा, कॉलम लावू नको. कच्चंच दे.

क्षमा मागायचं तोंड नाही.

टापटीप (हे नाव आता लिहवत नाही)

१० फेब्रुवारी

अरे,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वर्गावर गेले नाही. खोलीची कडी लावून बसले. इतकी संतापले होते, की तू समोर असतास तर पान ११२ तुला खायला लावलं असतं. सिनेमा! अकरा वर्षं माझी, दोन वर्षं हिची, आणि कारण काय तर सिनेमा. आयुष्यात मला कुणी इतकं दुखावलं नव्हतं. हे लिहूनच ठेवते, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते मोठेपणानं लिहिलं असं तुला वाटायला नको.

दुसऱ्या दिवशी चिवटला बोलावून पत्र वाचायला दिलं. तिनं दोनदा वाचलं. मला वाटलं, भडकेल. ती उठली आणि कचऱ्याच्या बाटल्या ठेवतो त्या कपाटाकडे गेली. कॉलमच्या वर राहिलेलं तपकिरी कडं आम्ही पंधरा वेळा धुऊन त्या बाटलीत ओतलं होतं. चौदा वेळा तिनं, एकदा मी. बाटली उजेडात धरून म्हणाली, "काखेत कळसा." पुढचं बोललीच नाही.

तिनं कच्चं केलं, तसंच दिलं. चार दिवसांनी जंतूवाल्या बाई जिन्यावरून ओरडतच आल्या. वर्तुळ अठरा मिलिमीटर.

म्हणजे सत्याहत्तर कधीच औषध नव्हतं. औषध त्या घाणीत आहे. आणि आपण अकरा वर्षं घाणीचं श्रेय पांढऱ्या पावडरीला देत आलो. लेख चुकीचा आहे. मागे घ्यायला हवा.

आता माझं ऐक. चिवट वही घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "बाई, त्यांनी एक ओळ खोटी लिहिली. पण पहिल्या पानापासून एकशेचाळिसाव्या पानापर्यंत तुमच्या सगळ्या सह्या एकाच शाईच्या आहेत. अक्षराचा तिरकेपणाही एकच. तारखा मात्र दोन वर्षांच्या." तिनं वाट बघितली. या मुलीला वाट बघता येते.

खरं ते तुला सांगते. लेख पाठवायच्या आदल्या दिवशी मी ती वही घेतली आणि एका बैठकीत एकशेचाळीस सह्या केल्या, फोनवर बोलत बोलत. मागच्या तारखा टाकल्या. एकही पान वाचलं नाही. त्या दिवशी ११२ वाचलं असतं तर पट्टी नाही हे मला दिसलंच असतं, आंधळी नाहीये मी. तुला हाक मारली असती, आणि तेव्हा तू पंचवीस वर्षांचा होतास, एका दमात सगळं ओकला असतास. मोजमापातही तीन टक्के काहीतरी उपरं दिसत होतं. ते द्रावक असेल, म्हणून मीच सोडून दिलं होतं.

खोटं तू एका ओळीचं लिहिलंस. मी एकशेचाळीस पानांचं लिहिलं, आणि वर "समजले" म्हटलं. म्हणून लेख मागे घेण्याच्या पत्रात कारण म्हणून दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. मसुदा सोबत आहे. माझी सही झाली आहे. वाचून मग तुझी कर.

तुझ्या संस्थेला मी काही कळवणार नाही. ते तू कळव, मुलाखतीच्या आत. कळवलं नाहीस तर मला कळेलच, लेख मागे घेतल्याचं जगाला कळणार आहे. पण आधी तू सांगावंस असं मला फार वाटतं.

चिवटचा अर्ज खणातून काढून तिनंच फाडला. नोंदणी वर्षभर वाढवून घेतली आहे. त्यासाठी मला तीन कार्यालयांत तोंड वेंगाडून फिरावं लागलं, पण झालं.

बाई

२ मार्च

आदरणीय बाई,
नमस्कार.

मसुदा वाचला. तीन वेळा. दुसऱ्या परिच्छेदात एक तारीख चुकली होती ती दुरुस्त करून सही केली आहे.

मुलाखतीत मी बसल्याबसल्याच सांगितलं. पाच जण होते. एकानं चष्मा काढून पुसला, दुसऱ्यानं पाणी मागवलं. कुणी रागावलं नाही, तेच जास्त जड गेलं. पद दुसऱ्याला मिळालं. नोकरी राहील असं दिसतं, चौकशी होईल. विद्यार्थी मात्र विचित्र बघतात. काल एकानं येऊन सरळ विचारलं, "सर, खरं का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग माझी वही आज तपासाल का? सहा महिने झाले." बाई, खणात अकरा वह्या पडून होत्या. न वाचलेल्या.

त्या तपकिरीत काय आहे, कळलं का?

आपला,
जुना विद्यार्थी

२९ जून

चि. टापटीप,
आशीर्वाद. आणि नाव तेच राहील, ते मी दिलेलं आहे.

उद्या माझा शेवटचा दिवस. पुस्तकं वाटून टाकली, झाडाची कुंडी जंतूवाल्या बाईंना दिली. निरोपाच्या भाषणात कुणी काय बोलायचं यावर विभागात वाद चाललाय. लेख मागे घेतल्यापासून कौतुक किती करावं याचा कुणालाच अंदाज येत नाही. मी कारकुनाला म्हटलं, चहा चांगला द्या, भाषणं आपोआप आखूड होतील. सगळं सोपं गेलं असं समजू नकोस. त्या परदेशी गटाला मी माफीचं पत्र लिहिलं. त्यांच्यातली जी मुलगी हे काम करत होती, तिनं तेव्हाच रसायनशास्त्र सोडलं, असं उत्तर आलं. ते पत्र मी घरी नेणार आहे.

आता तुझं उत्तर. चिवटनं ते पकडलं. उष्णता थोडी जास्त झाली की सत्याहत्तरचे दोन रेणू एकमेकांना चिकटतात, आणि ती जोडगोळी जंतूंना मारते. तू घाईत मोठी आच ठेवून तीच पानावर लिहिलीस, म्हणून आमच्याकडेही ती बनत राहिली. तिनं ती शुद्ध करून वेगळी काढली, चिमूटभर. वर्तुळ सत्तावीस मिलिमीटर. औषध होईल की नाही ते दहा वर्षांनी कळेल, मी असेन की नाही कुणास ठाऊक. पण वर्तुळ खरं आहे. पट्टी चिकटवलेली आहे, एकच ठिपका.

आज संध्याकाळी ते पान साक्षीच्या सहीसाठी माझ्यासमोर आलं. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. शेवटची सही ही असावी, असं मनात होतं. मी पेन उघडलं, तर तिनं पानावर हात ठेवला. म्हणाली, "आधी वाचा."

वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, चष्मा पुसून.

मग म्हणाली, "आता तीन प्रश्न विचारते." आच इतकीच का ठेवली ते मी सांगितलं. पट्टीवरचा ठिपका एवढ्या उंचीवर का, तेही सांगितलं. तिसरं तिनं विचारलं, ती जोडी याच बाजूनं का जुळते, दुसऱ्या बाजूनं का नाही. मी बोलायला लागले, मधेच अडले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले. तीस वर्षं हे शिकवलंय मी.

"समजलं नाही," मी म्हटलं.

तिनं पेनाला टोपण लावलं आणि माझ्या हातात दिलं. वही बंद केली. म्हणाली, "उद्या सकाळी नऊला बसू बाई. मी फळ्यावर काढून दाखवते."

निरोपसमारंभ अकराला आहे. मी नऊला जाणार आहे.

तुझी,
बाई